डाग कुणाचा? भाड्याचं घर घेताना आणि सोडताना

एप्रिलमध्ये रत्नागिरीत घर बघायला जा, भिंती कोरड्याठाक असतात. जुलैत त्याच भिंतीवर खिडकीखाली पंजाएवढी ओल उमटते, ऑगस्टमध्ये तिच्यावर काळी बुरशी धरते. वर्षभराने घर सोडताना वाद उभा राहतो: हा डाग कुणाचा? उत्तर लिहून ठेवलेलं नसेल, तर डिपॉझिट अडकतं आणि संबंधही बिघडतात.

गैरसमज : अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही.
वस्तुस्थिती : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. घराच्या स्थितीची यादी या करारालाच जोडावी.

गैरसमज : रंग उडाला, ओल आली, डिपॉझिटमधून कापा.
वस्तुस्थिती : मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ भाडेपट्ट्याबाबत सांगतं की घर घेतलं तशा स्थितीत परत द्यायचं, पण वाजवी वापराची झीज भाडेकरूच्या माथी नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये हेच तत्त्व अट म्हणून लिहून घ्यावं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज गंजतात, बोट लावलं की तांबडा भुगा हाताला येतो. हे हवेचं काम. फुटलेलं बेसिन किंवा न विचारता भिंतीला पाडलेली भोकं ही मात्र भाडेकरूची जबाबदारी.

गैरसमज : ताबा घेताना एकदा फोटो काढले की पुरे.
वस्तुस्थिती : कोकणात दोनदा काढावेत. एकदा चावी घेताना, आणि पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर पुन्हा. कौलांतून कुठे गळतं, बाथरूमच्या दाराचा खालचा भाग कुठे फुगला, चौकटीला वाळवी आहे का, हे टिपून मालकाला लगेच लेखी कळवावं. उन्हाळ्यातल्या फोटोत गळती दिसत नाही.

गैरसमज : मोबाईलमध्ये फोटो आहेत, म्हणजे पुरावा आहे.
वस्तुस्थिती : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोचा दर्जा उतरतो. सर्वांत सोपं म्हणजे खोलीवार यादीची छापील प्रत काढून दोघांनी तारखेसह सह्या कराव्यात.

गैरसमज : चावी परत दिली, विषय संपला.
वस्तुस्थिती : सामान हलवल्यावर, रिकाम्या घरात दोघांनी जुनी यादी हातात घेऊन फिरावं. कपाटामागची भिंत तेव्हाच दिसते. महावितरणच्या मीटरचं रीडिंग, परत दिलेल्या चाव्यांची संख्या, डिपॉझिटमधून काय आणि का कापलं, हे ताबा पावतीवर लिहावं.

नोंद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. बदली होऊन आलेला कर्मचारी असो की शिकायला आलेली मुलगी, दोघांना डिपॉझिटची रक्कम मोठीच असते, आणि मालकालाही आपलं घर मोलाचं असतं. तेव्हा चावी हातात घेण्याआधी अर्धा तास काढा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या.