‘कुठेही चालेल’ म्हणण्यापूर्वी

रात्रीचे नऊ वाजलेले असतात. पुण्यातील आपल्या घरी जेवणे आटोपलेली असतात. उन्हाळ्याचे दिवस असतील तर टोरोंटोत त्या वेळी सकाळचे साडेअकरा होतात. तिथला एखादा मित्र मोबाइल हातात धरून रिकाम्या सदनिकेतून फिरत असतो आणि इथे मुलगा, सून, नातवंडे पडद्याभोवती गोळा झालेली असतात. मुलाच्या हाती नोकरीचे पत्र आले आहे, दोन महिन्यांत निघायचे आहे, घर मात्र ठरलेले नाही. सून वळून विचारते, “आई, तुम्हाला कसं वाटतंय?” आणि आपण हसून म्हणता, “आमचं काय गं, आम्हाला कुठेही चालेल.”

हे वाक्य मायेपोटी येते. मुलांच्या डोक्यावर आधीच शंभर काळज्या, त्यांत आपल्या गुडघ्यांची भर कशाला, असे आपल्याला वाटते. परंतु मुले कामावर आणि नातवंडे शाळेत गेल्यावर दिवसभर त्या घरात आपणच असणार आहात. तिथे भाडेकरार बहुधा वर्षाचा असतो. सही झाल्यानंतर जिना झेपत नसल्याचे लक्षात आले, तर ते वर्ष खोलीच्या चार भिंतींत काढावे लागते.

आधी एक पान लिहा

घरे पाहण्यापूर्वी कागद घ्या आणि आपल्या शरीराची माहिती लिहा. न थांबता किती पायऱ्या चढता येतात? हातात पिशवी असताना किती? रात्री लघवीसाठी किती वेळा उठावे लागते? न बसता किती मिनिटे चालता येते? अंदाजाने लिहू नका, आठवडाभर मोजा. घरातील कोणी सोबत असेल तर उत्तम, कारण आपण स्वतःला एक-दोन पायऱ्या अधिकच्या देऊन टाकतो! हे पान आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि मग मुलाच्या हाती द्या. भाडे आणि शाळा यांच्या जोडीने घर निवडण्याचे हे तिसरे माप आहे.

मजले आणि जिने

कॅनडात आपला तळमजला हाच बहुधा पहिला मजला मानला जातो. त्यामुळे जाहिरातीतील ‘दुसरा मजला’ म्हणजे आपला पहिला. उद्‌वाहन आहे का, हे स्वतंत्रपणे विचारा.

भाडे परवडावे म्हणून अनेक नवागत कुटुंबे घराखालचे तळघर, म्हणजे ‘बेसमेंट’, भाड्याने घेतात. तरुणांना ते सोयीचे असते. पण त्याचे दार पुष्कळदा बाजूला, बाहेरच्या अरुंद पायऱ्यांखाली असते आणि हिवाळ्यात त्याच पायऱ्यांवर बर्फ साचतो. खिडक्या लहान असल्याने दिवसाही उजेड कमी असतो. दुमजली घरांत बहुतेकदा शयनगृहे आणि अंघोळीची सोय वर, तर खाली केवळ शौचालय आणि हात धुण्याचे भांडे असते. अशा घरात रोजच्या अंघोळीसाठी जिना चढणे आलेच.

न्हाणीघर नीट पाहा

तिथे अंघोळ बहुधा बाथटबमध्ये उभे राहून करतात. त्याची उंच कड ओलांडून आत-बाहेर करावे लागते. बादली आणि तांब्याची सवय असलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, टबाबाहेरच्या जमिनीवरून पाणी वाहून जाण्याची सोय सहसा नसते. सांडलेले पाणी तिथेच राहते आणि पाय घसरतो. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नका, ती शरीराचा भार पेलण्यासाठी नसते. भिंतीत आधाराचा दांडा बसवण्याची परवानगी घरमालकाकडून करारापूर्वीच लेखी घ्या. टबात ठेवण्याची खुर्ची आणि हातात धरायचा शॉवर यांनीही बरेच साधते.

चित्रण रस्त्यापासून सुरू करा

घर दाखवणाऱ्यास दिवाणखान्यापासून सुरुवात करू देऊ नका. बस थांब्यापासून दारापर्यंत मोबाइल सुरू ठेवून चालायला सांगा आणि मिनिटे मोजा. मग पलंगाच्या जागेपासून शौचालयापर्यंत, वाटेत दिव्याचे बटण कुठे आहे ते पाहत. रात्री अर्धवट झोपेत हीच वाट चालायची असते. वाटेवरचा बर्फ कोण काढतो, औषधांचे दुकान किती अंतरावर आहे, हेही विचारा.

पैसे आणि परतीची वाट

कोणी विश्वासू माणसाने आत जाऊन घर पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका. टोरोंटो ज्या ओंटारिओ प्रांतात आहे, तिथे दरमहा भाड्याच्या घरासाठी मालकाला अनामत म्हणून एका महिन्याच्या भाड्याहून अधिक रक्कम मागता येत नाही आणि ती शेवटच्या महिन्याच्या भाड्यापोटीच वापरावी लागते. ‘मोडतोडीसाठी वेगळी रक्कम द्या’ असे कोणी म्हणाले, तर सावध व्हा.

आई-वडिलांसाठीच्या ‘सुपर व्हिसा’वर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण तो पाहुण्याचाच परवाना आहे. सरकारी आरोग्यसेवा त्यावर मिळत नाही. किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा खासगी आरोग्यविमा सक्तीचा असतो. मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार त्यात कोणत्या अटींवर धरले आहेत, ते वाचूनच विमा घ्या. आणि इथले घर घाईने विकू नका. परतता येईल एवढी जागा मागे असली, की तिथेही मन अधिक निर्धास्त राहते.

शक्य असेल तर मुलांनी आधी जाऊन तात्पुरत्या जागेत राहावे, घर प्रत्यक्ष पाहून घ्यावे आणि आपण नंतर जावे. दोन-तीन महिन्यांचा विरह चुकीच्या घरातील वर्षापेक्षा सोसण्यासारखा असतो.

मुलांनीही एक करावे. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला आई-वडील ‘छान’ हेच उत्तर देतात. त्याऐवजी ‘रात्री किती वेळा उठता?’ असे विचारा.

आणि आपण, पुढच्या वेळी पडद्यावर घर दिसू लागले की ‘कुठेही चालेल’ हे शब्द ओठांवर येतील, तेव्हा क्षणभर थांबा. “मला बारा पायऱ्या जमतात, त्याहून अधिक नाही,” एवढेच सांगा. हे गाऱ्हाणे नाही. घर शोधणाऱ्या मुलाला याहून उपयोगी माहिती दुसरे कोणी देऊ शकत नाही.