रद्द केलं, पण कळलं कुणाला?

निवृत्तीनंतर मी मुलाकडे नागपूरला आले. शेत राहिलं सिरोंच्यात. आलापल्लीपुढचा शंभरेक किलोमीटरचा जंगलरस्ता गुडघ्यांना झेपेना, म्हणून दिराच्या मुलाला कुलमुखत्यारपत्र दिलं. ठेका, पीककर्ज, तलाठ्याकडची कामं त्यानं बघावीत, एवढंच मनात. कागदात ‘विक्री’ हाही शब्द होता. जन्मभर पोरांना ‘नीट वाचा’ म्हणणाऱ्या मास्तरणीनं तो वाचलाच नाही!

ठेक्याचे पैसे यायचे थांबले तेव्हा मुखत्यारपत्र रद्द केलं. मूळ दस्त नोंदवलेला, म्हणून रद्दलेखही दुय्यम निबंधकाकडे नोंदवला. पुतण्याला पोचपावतीसह प्रत पाठवली. नागपुरातल्या मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. पुढच्या मिरचीच्या हंगामात कळलं, त्याच जुन्या कागदावर त्यानं नदीपलीकडच्या एकाकडून इसार घेतलाय.

“बाई, मूळ कागद परत घेतला होता का?” वकिलांचा पहिलाच प्रश्न. नव्हता घेतला.

1872च्या करार कायद्याचं कलम 208 त्यांनी समजावलं. रद्द झाल्याचं मुखत्याराला कळलं की त्याच्यापुरता अधिकार संपतो. तिऱ्हाइताच्या बाबतीत मात्र त्याला कळेल तेव्हाच. तोवर त्यानं विश्वासानं केलेला व्यवहार माझ्या गळ्यात पडू शकतो. आणि प्राणहिता ओलांडली की माणसं तेलुगू वाचतात. माझी मराठी नोटीस तिथं कोण वाचणार?

मग एका जुन्या विद्यार्थ्याकडून तेलुगूत पत्र लिहून घेतलं, रद्दलेखाची प्रत जोडून त्या माणसाच्या हाती दिलं, पोच घेतली. तलाठी, बँक, बांधावरचे शेजारी, सगळ्यांना कळवलं. नुसत्या इसारानं मालकी जात नाही, आणि मुखत्यारपत्रानंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये ‘सूरज लॅम्प’ खटल्यात म्हटलंय, त्याला नोंदणीकृत खरेदीखत लागतं. ते होऊ नये म्हणून दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमाचा अर्ज केला. खरेदीखत झालंच असतं तर ते रद्द करून घ्यायला, कळल्यापासून 3 वर्षांची मुदत. फेरफाराची नोटीस निघाली तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्यायची, म्हणजे नोंद वादग्रस्त ठरते. पोलिसांत फसवणुकीची तक्रारही करता येते. ती मी अजून केलेली नाही. दीर अंथरुणाला खिळलेत.

मूळ कागद अजून पुतण्याकडेच आहे. दर महिन्याला मी नातीला नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शेताचा सर्व्हे नंबर टाकायला लावते, आणि नोंदलेल्या दस्तांच्या सूची 2 मध्ये नवं नाव आलं नाही ना, ते स्वतः वाचते.