केटी लागली म्हणून रिश्ता?

सेमिस्टरचे निकाल लागले की आमच्या निर्मळच्या परिसरात एक फरक दरवर्षी दिसतो. मुलाला केटी लागली तर घरचे चार दिवस रागावतात आणि मग "पुढच्या वेळी काढील" म्हणून गप्प बसतात. मुलीला लागली तर आठवडाभरात कुणीतरी फुफी किंवा खाला रिश्त्याचा विषय काढते. "एवढ्या लांब कॉलेजला पाठवून काय मिळालं?" असा सवाल येतो आणि अम्मीकडे त्याचं उत्तर नसतं. एका पेपराचा निकाल अशा रीतीने सगळ्या शिक्षणाचा निकाल होऊन बसतो. आम्हाला हे मान्य नाही.

आधी केटी म्हणजे काय ते घरातल्या मोठ्यांनी समजून घ्यावं. काही विषय राहिले तरी पुढच्या सत्रात बसायला मिळतं आणि राहिलेले विषय नंतर देता येतात. किती विषयांपर्यंत ही सवलत आहे, ते अभ्यासक्रमावर ठरतं. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन नीट विचारावं. शेजारच्या मुलाच्या सांगण्यावर विसंबू नये.

मग कारण शोधावं. निर्मळहून रिक्षा किंवा बसने नालासोपारा स्टेशन, तिथून लोकल. चर्चगेटच्या बाजूचं कॉलेज असेल तर गाडीतच सव्वा तास जातो, तोही बहुतेक उभ्याने. घरी परतल्यावर मुलीच्या वाट्याला स्वयंपाकघर असतंच. दुसरं कारण भाषेचं. दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठीत शिकलेली मूल कॉलेजात एकदम इंग्रजीत लिहू लागतं. विषय कळलेला असतो, पण तीन तासांत कागदावर उतरत नाही. अशा मुलीला "अभ्यास केला नाहीस" म्हणणं बरोबर नाही. तिला रोज एक उत्तर लिहून काढायची सवय आणि ते तपासणारं कुणीतरी हवं.

निकाल चुकीचाही असू शकतो. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. लाखो उत्तरपत्रिकांचा घोळ झाला, निकाल कित्येक आठवडे रखडले आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. पुनर्मूल्यांकनात अनेक विद्यार्थ्यांचे निकाल बदलले. दरवेळी असं होत नाही, हे खरं. पण मुलगी "माझा पेपर चांगला गेला होता" असं ठामपणे सांगत असेल तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवावी. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केला आहे. झेरॉक्स आणि पुनर्मूल्यांकनाचे अर्ज निकालानंतर मोजक्याच दिवसांत भरावे लागतात. नेमके तेच दिवस आपल्या घरांत रडण्या-ओरडण्यात निघून जातात.

बदरुद्दीन तय्यबजींचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 1860 मध्ये पंधराव्या वर्षी ते शिकायला विलायतेला गेले. कायद्याचा अभ्यास सुरू झाला, पण डोळे बिघडले आणि 1864 च्या अखेरीस तो अर्धवट सोडून त्यांना मुंबईला परतावं लागलं. सुमारे वर्षभराने ते पुन्हा गेले आणि 1867 मध्ये बॅरिस्टर झाले. पुढे 1887 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष आणि 1895 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. मधलं वर्ष वाया गेलं असं आज कुणी म्हणत नाही. अर्थात ते मुलगे होते आणि घर सधन होतं, हेही विसरू नये. आमच्याकडच्या मुलीला दुसरी संधी मिळवायची तर पैशाआधी घरच्यांची परवानगी लागते.

आजारपण किंवा घरची अडचण असेल तर आता आणखी एक वाट आहे. 2021 पासून क्रेडिट बँकेची व्यवस्था आली. पूर्ण केलेल्या विषयांची क्रेडिट तिथे जमा राहतात आणि जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत वापरता येतात. मधे थांबून परत येता येतं. मात्र "थांबू दे, नंतर बघू" म्हणून हीच सोय शिक्षण बंद करायला वापरू नये. आम्हाला भीती त्याचीच वाटते.

नातेवाईकांना किती सांगायचं हे मुलीला विचारून ठरवावं. "दोन विषय राहिलेत, पुढच्या परीक्षेत देणार आहे," एवढं पुरतं. तिला सब्र करायला सांगताना आपणही करावा. उंट बांधून मग तवक्कल करण्याची शिकवण आपल्याला आहेच. अर्ज, फी आणि अभ्यास हा तो दोर. आणि मूल जेवेनासं झालं, रात्र रात्र जागू लागलं, "मी नसते तर बरं झालं असतं" असं बोललं, तर त्याला नाटक समजू नका. एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली मानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

केटीच्या फॉर्मची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि फीचे पैसे आधीच बाजूला काढा. हिवाळी परीक्षा कधी कधी कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेच्या दिवसांतच येते. तेव्हा रस्त्यावर गर्दी असते, रिक्षा वेळेवर मिळत नाही. पेपरच्या दिवशी अब्बांनी किंवा भावाने तिला स्कूटरवरून स्टेशनला सोडावं आणि तासभर आधी निघावं.