'साखर वाढली' आणि 'साखर वाढवली' : मधुमेही मुलांच्या जबाबदारीचा भाषिक विचार

'मधुमेह' हा शब्द मराठीत दोन भिन्न व्याधींना सरसकट लावला जातो, आणि या शब्दैक्याची किंमत मुख्यतः मुलांना मोजावी लागते. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहाचा स्थूलतेशी व बैठ्या राहणीशी पुष्कळ संबंध असतो. बालपणी बहुधा आढळणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह मात्र निराळा होय. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. मुलाने पेढे किती खाल्ले याचा तेथे प्रश्नच येत नाही. तरीही 'फार गोड खाऊ घातलं का?' हा प्रश्न आईला ऐकावा लागतोच. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे 'सहज' आणि 'अपथ्यनिमित्तज' असे दोन भेद केले असून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो, असेही नोंदविले आहे. सहज प्रमेह म्हणजेच आजचा पहिला प्रकार, असे समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल. तथापि, दोन गोष्टींना दोन नावे हवीत ही दृष्टी तेथे होती. आपल्या बोलण्यातून ती गळाली. आजच्या 'शुगर' या शब्दाने तर रोग, तपासणी आणि तपासणीचा आकडा ही तिन्ही एकत्र कोंबली आहेत.

टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला प्रथम इन्शुलिन टोचण्यात आले. तत्पूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. आजही रोज सुई घेतल्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी स्थापन केलेली ड्रीम ट्रस्ट ही संस्था गरीब घरांतील अशा मुलांना इन्शुलिन पुरवीत आली आहे. इन्शुलिन मिळाले की मूल जगते; पण त्यापुढे त्याला आपल्या रोगासह वाढायचे असते.

ही वाढ क्रियापदांतून दिसते. वऱ्हाडीत लहान मूल म्हणते, 'माय मले सुई देते.' येथे कर्ता माय, आणि मूल 'मले' या विभक्तीत. काही वर्षांनी तेच म्हणते, 'मी सुई घेतो.' या दोहोंमधील 'टोचून घेणे' हा प्रयोग मोठा सोयीचा आहे. दुसऱ्याकडून टोचवून घेणे आणि स्वतः टोचणे, दोन्ही अर्थ त्यात मावतात. कर्तृत्वाचे हस्तांतर एका दिवसात होऊ नये, हे जणू भाषेलाही ठाऊक आहे. प्रथम कोणत्या बोटाचे रक्त काढायचे ते मुलाने ठरवावे. मग आकडा वाचावा, वहीत लिहावा. मात्रा मात्र बरीच वर्षे मिळून ठरवावी. पौगंडावस्थेत सर्व भार एकदम मुलावर टाकला की नियंत्रण ढासळते, असा वैद्यकाचा अनुभव आहे.

त्याच वयात अंतःस्रावांमुळे इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो आणि काहीही न चुकता साखर चढते. अशा वेळी 'साखर वाढली' हे विधान खरे असते. 'साखर किती वाढवलीस!' हा प्रयोजक मात्र आरोप ठरतो. आरोप टाळण्यासाठी मूल वहीत खोटे आकडे लिहू लागते, आणि त्या आकड्यांवर डॉक्टर मात्रा ठरवितात! उलट, नुसते 'वाढली' म्हणून थांबल्यास मुलाला करण्याजोगे काहीच उरत नाही. 'वाढली आहे, आता काय करायचं?' हे वाक्य अधिक उपयोगी, कारण त्यात मागचा दोष नाही, पुढचे काम आहे. 'जबाबदार' म्हणजे मुळात उत्तर देणारा, दोषी नव्हे. मराठीत सुटा 'जबाब' बहुतांशी पोलीसचौकीतच उरला, हे या मुलांचे दुर्दैव म्हणावे लागेल.

खेळ बंद करणे हा उपाय नव्हे. वसीम अक्रमला १९९७ मध्ये हा रोग जडला. तो २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला. धावताना स्नायू रक्तातील साखर वेगाने ओढून घेतात, आणि तिचे उतरणे कित्येकदा त्या रात्रीपर्यंत चालू राहते. म्हणून खेळापूर्वी तपासणी हवी व खिशात साखर हवी. आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अडचण अशी की घाम, थरथर, धाप ही लक्षणे खो-खो खेळणाऱ्या प्रत्येक मुलात असतात, आणि साखर फारच उतरली की मुलाची वाचाच अडखळते. यास्तव 'माझी साखर उतरली' हे शब्द सवंगड्यांना व शिक्षकांना आधीच शिकवून ठेवावे लागतात. शुद्ध हरपल्यास तोंडात काही घालू नये, हेही त्यांना सांगावे. परीक्षेच्या खोलीत खाद्यपदार्थ नेण्याची मुभा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने अशा विद्यार्थ्यांना २०१७ मध्ये दिली.

नागपूरच्या उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असते, आणि मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. घरी शीतकपाट नसल्यास एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मधली वाळू ओली राखतात. २ ते ८ अंशांची थंडी त्यात मिळत नाही. पण बाहेरच्या तापमानापेक्षा आतले पुष्कळ उतरते व औषधाचा टिकाव वाढतो. वाळूवर पाणी शिंपण्याचे काम सात-आठ वर्षांच्या मुलाकडे सहज सोपविता येते. पावसाळी दमट हवेत बाष्पीभवन मंदावून ही युक्ती तितकी चालत नाही. अर्थात तोवर नागपूरचे ऊनही ओसरलेले असते.