पहिल्या बॅचमध्ये परीक्षा कुणाची?

आमच्या शहरातल्या गुलमंडीच्या बाजारपेठेत दुकानातल्या माणसांना काही नवं शिकवायचं असलं, की मालक पितृपक्ष धरतात. गिऱ्हाईक कमी, माणसं मोकळी आणि पुढं नवरात्र, दिवाळी, लगीनसराई. मी वाळूजच्या एका कारखान्यात प्रशिक्षणाचं काम बघते आणि राहते सुपारी हनुमानाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ओळखीचे दुकानदार सल्ला विचारतात. माझं सांगणं ठरलेलं आहे: शिकवा पितृपक्षात, पण शिकवलेलं पारखा घटस्थापनेनंतरच्या गर्दीत. आणि सगळ्यांना एकदम बसवू नका; आधी चौघांची तुकडी करा.

एका साडीच्या दुकानात बारकोडचं बिलिंग आलं तेव्हाची गोष्ट. सॉफ्टवेअरवाला मुलगा येऊन सगळं दाखवून गेला, सेल्समन ‘जमलं’ म्हणाले, मालक लगेच जुनी बिलबुकं बंद करायला निघाले. मी त्यांना एकाच काउंटरवर सुरुवात करायला लावली. पहिल्याच गर्दीच्या संध्याकाळी खरा प्रकार दिसला. बारकोडचं लेबल साडीच्या आतल्या घडीत होतं. ते शोधायला नीट लावलेली घडी मोडावी लागे, मग पुन्हा घालावी लागे, तोवर मागं रांग. गिऱ्हाईक बाई गल्ल्यापाशी आल्यावर म्हणाली, ‘ही नको, ती मोरपंखी द्या’. बिलातली एक ओळ कशी काढायची हे कुणालाच शिकवलेलं नव्हतं. भाव तुटला, पण सूट टाकायचा पासवर्ड फक्त मालकांकडे, म्हणून दर बिलाला त्यांना जागेवरून उठावं लागलं.

यात चूक सेल्समनची नव्हती. जे शिकवलं ते त्यांना येतच होतं. शिकवण्यात दुकान धरलेलं नव्हतं. दुकानातल्या सगळ्यात जुन्या सेल्समननं सुचवलं, लेबल काठाच्या बाजूला, घडी न मोडता दिसेल असं लावा. दुसऱ्या तुकडीचा पहिला धडा तोच झाला.

पायलट बॅच म्हणतात ती ही. तिच्यात परीक्षा असते ती कार्यक्रमाची, माणसांची नव्हे. म्हणूनच तिच्यात हुशार माणसं निवडून भरण्याची आपली सवय मला घातक वाटते. हुशार माणूस वाईट शिकवण्यातूनही शिकतो, आणि उणीव झाकली जाते. मी एक जुना, एक नवा, एक संगणकाला बिचकणारा आणि एक सतत प्रश्न विचारणारा असे चौघं मागते. चौथ्याला मालक सहसा वगळतात. मी त्याच्यासाठी भांडते.

मोठ्या पातळीवर काय होतं तेही बघा. 2024 मध्ये तरुणांना कामाच्या जागी शिकवण्याच्या दोन सरकारी योजना आल्या. राज्याची ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ एकदम सगळीकडे लागू झाली: बारावीला महिना 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये, मुदत सहा महिने. सहा महिन्यांनंतर या मुलांचं काय, हा प्रश्न मुलं कामावर रुजू झाल्यावर ऐरणीवर आला. मुदत पाच महिन्यांनी वाढली आणि कायम करा म्हणून आंदोलनं झाली. एका-दोन जिल्ह्यांत आधी करून पाहिलं असतं, तर हा प्रश्न तिथंच दिसला असता, असं मला ठामपणे वाटतं.

केंद्राची ‘प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना’ मात्र ऑक्टोबर 2024 मध्ये पायलट म्हणूनच सुरू झाली. पाच वर्षांत एक कोटी तरुणांचं उद्दिष्ट, पण पहिल्या वर्षासाठी सव्वा लाख. पहिल्या फेरीत कंपन्यांनी 1.27 लाख जागा दाखवल्या, 82,000 हून अधिक देकार गेले, सुमारे 28,000 स्वीकारले गेले आणि प्रत्यक्ष रुजू झाले जेमतेम 8,700. याला अपयश म्हणून हिणवलं गेलं. मला ही आकडेवारी मोलाची वाटते, कारण तिच्यामागची कारणं कळली: जागा लांब, काम आवडीचं नाही, वर्षभराची मुदत जास्त. योजनेच्या तेव्हाच्या महिना 5,000 रुपयांत गुलमंडीतल्या मुलीनं नगर नाक्यावरून रोज वाळूजला जायचं म्हटलं, तर रिक्षा आणि डब्यातच किती संपतील याचा हिशोब तिची आईसुद्धा करते. हे एक कोटी मुलांना बोलावून कळण्यापेक्षा आधीच कळलं, हे बरं झालं.

पायलट नीट करणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात गडचिरोलीनं दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं 39 गावांतल्या, थोडंच शिकलेल्या बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तुलनेसाठी 47 गावं ठेवली. 1995 पासूनच्या पहिल्या वर्षी या आरोग्यदूतांनी बाळांची पाहणी आणि नोंदी शिकून घेतल्या; जंतुदोषावर इंजेक्शन देणं दुसऱ्या वर्षी आलं. 1998 पर्यंत तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’नं तो निष्कर्ष छापला. तरीही घाई झाली नाही. ‘अंकुर’ प्रकल्पात राज्यातल्या सात संस्थांनी तेच करून पाहिलं, मग इतर राज्यांतही पारख झाली. 2011 मध्ये आशा ताईंमार्फत ते देशभर गेलं. आज बाळंतिणीच्या घरी वजनकाटा आणि तापमापक घेऊन येणाऱ्या आशा ताईंच्या प्रशिक्षणामागं एवढी वर्षं आहेत.

आमच्या दुकानांना तेवढी वर्षं लागणार नाहीत. एक हंगाम पुरे. गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेटच्या व्यापाऱ्यांना माझी विनंती आहे: यंदा जे काही नवं शिकवाल, ते आधी एका काउंटरवर, गर्दीच्या दिवशी करून पाहा. त्या तुकडीतल्या माणसांचा शिकण्याचा वेळ पगारात धरा. दुकान वाढवल्यावर त्यांना चहा देऊन विचारा, कुठं अडलं? आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या, त्यांच्यादेखत.