स्पीडवे शर्यतीतील लहान राष्ट्रे

स्पीडवे हा लंबवर्तुळाकार मातीच्या धावमार्गावर होणारा मोटारसायकल शर्यतीचा एक प्रकार असून त्यात प्रत्येक वेळी चार स्वार घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चार वळसे घालतात. या क्रीडाप्रकाराच्या आंतरराष्ट्रीय इतिहासात न्यूझीलंड व डेन्मार्क यांसारख्या अल्प लोकसंख्येच्या देशांनी मोठमोठ्या राष्ट्रांना दीर्घकाळ मागे टाकल्याचे आढळते. त्याचप्रमाणे असे देश शिखरावरून अल्पावधीत खाली आल्याचीही उदाहरणे आहेत. या चढउतारांचा संबंध लोकसंख्येशी फारसा नसून तो मुख्यतः तीन गोष्टींशी आहे : स्वदेशात मुलांना शिकण्यासाठी धावमार्ग व योग्य यंत्रे असणे, परदेशातील व्यावसायिक साखळी स्पर्धांत (लीगमध्ये) प्रवेश मिळणे आणि जागतिक स्पर्धेची रचना. प्रस्तुत नोंदीत ‘लहान राष्ट्र’ ही संज्ञा लोकसंख्येबरोबरच उच्च दर्जाच्या स्वारांची संख्या लक्षात घेऊन वापरली आहे. त्या अर्थाने रशियासारखा विस्तीर्ण देशही या खेळात लहानच ठरतो.

खेळाचे स्वरूप : स्पीडवेच्या मोटारसायकलीस ५०० घ. सेंमी. क्षमतेचे, एका सिलिंडराचे चार धावी एंजिन असते व ते मिथेनॉलवर चालते. तिला एकच गिअर असतो आणि ब्रेक मुळीच नसतात. वळणावर मागचे चाक मुद्दाम बाहेरच्या बाजूस घसरू देऊन, पोलादी तळ बसविलेल्या डाव्या बुटाचा आधार घेत स्वार गाडी वळवितो. धावमार्गाची लांबी साधारणतः २६० ते ४२५ मी. असते आणि एक शर्यत सु. एक मिनिटात संपते. पहिल्या तीन क्रमांकांस अनुक्रमे ३, २ व १ असे गुण मिळतात, तर शेवटच्या स्वारास गुण मिळत नाही. इतक्या थोड्या अवधीच्या शर्यतीत सुरुवातीच्या झेपेला व पहिल्या वळणावरील धैर्याला निर्णायक महत्त्व येते. हे कौशल्य केवळ वारंवार शर्यती करूनच अंगी बाणते, आणि लहान देशांची खरी अडचण येथेच सुरू होते. कारण मायदेशात तोडीस तोड प्रतिस्पर्धी पुरेसे मिळत नाहीत.

इतिहास : ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातील वेस्ट मेटलंड येथे १९२३ च्या अखेरीस झालेल्या शर्यतींपासून या खेळाची सुरुवात झाली, असे सामान्यतः मानले जाते. त्यांचे आयोजन मूळच्या न्यूझीलंडच्या जॉनी हॉस्किन्स यांनी केले होते. फेब्रुवारी १९२८ मध्ये इंग्लंडमधील हाय बीच येथे झालेल्या शर्यतींनंतर हा खेळ ब्रिटनमध्ये झपाट्याने लोकप्रिय झाला आणि लंडन हे त्याचे केंद्र बनले. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९३६ मध्ये वेम्बली येथे झाली व ती ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल व्हॅन प्राग यांनी जिंकली. पुढील वर्षी तर पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकनांनी पटकाविले. यजमान इंग्लंडला आपला पहिला जगज्जेता पाहण्यासाठी १९४९ पर्यंत थांबावे लागले. त्यानंतर १९५० व १९५३ मध्ये फ्रेडी विल्यम्स यांनी हे पद वेल्सकडे नेले. वेल्सचा दुसरा कोणीही स्वार अद्याप जगज्जेता झालेला नाही.

न्यूझीलंड : लहान राष्ट्रांच्या यशाचे सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे न्यूझीलंड. या देशाने एकूण बारा वैयक्तिक विश्वविजेतेपदे मिळविली आणि ती सर्व क्राइस्टचर्च या एकाच शहरात घडलेल्या तीन स्वारांची आहेत. रॉनी मूर (१९५४, १९५९), बॅरी ब्रिग्ज (१९५७, १९५८, १९६४, १९६६) आणि आयव्हन मॉगर (१९६८, १९६९, १९७०, १९७२, १९७७, १९७९) हे ते तिघे होत. दुसऱ्या महायुद्धानंतर क्राइस्टचर्चच्या अरानुई भागातील धावमार्गावर तेथील तरुणांना सराव करता आला. मूर यांनी वयाच्या सतराव्या वर्षी, १९५० मध्ये, जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत प्रवेश मिळविला. त्यांच्या पाठोपाठ ब्रिग्ज हेही लंडनच्या विम्बल्डन संघात आले. एकाने वाट पाडावी, दुसऱ्याने तिने जावे आणि तिसऱ्याने ती रुंद करावी, असा हा क्रम होता.

मॉगर यांची वाटचाल मात्र सरळ नव्हती. १९५७ मध्ये ते सतराव्या वर्षी विम्बल्डनला गेले. पण तेथे त्यांचा जम बसला नाही व त्यांना मायदेशी परतावे लागले. १९६३ मध्ये न्यूकॅसल संघाकडून ते पुन्हा इंग्लंडमध्ये उतरले आणि त्यानंतर सलग तीन वर्षे (१९६८–७०) विश्वविजेतेपद मिळविणारे पहिले स्वार ठरले. यंत्राची काटेकोर देखभाल, आहार व व्यायाम यांकडे त्यांनी दिलेले लक्ष तत्कालीन स्वारांत असामान्य होते.

या काळात न्यूझीलंडला सांघिक मान मात्र मिळत नव्हता. १९६० मध्ये जागतिक सांघिक चषक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा राष्ट्रकुलातील स्वार ग्रेट ब्रिटनच्या संघातून उतरत. त्यामुळे ब्रिग्ज व मॉगर यांचे गुण ब्रिटनच्या खाती जमा झाले. १९७० च्या जागतिक जोडी स्पर्धेत मूर व मॉगर यांनी न्यूझीलंडला विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा स्वतंत्र संघ किती समर्थ ठरू शकतो हे दिसून आले. पुढे ही व्यवस्था बदलली आणि १९७९ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर मॉगर, लॅरी रॉस, मिच शिर्रा, ब्रूस क्रिब व रॉजर एबल यांच्या संघाने डेन्मार्क, चेकोस्लोव्हाकिया व पोलंड यांना मागे टाकून सांघिक चषक जिंकला. त्या वेळी देशाची लोकसंख्या जेमतेम ३१ लाख होती. त्याच वर्षी मॉगर यांनी आपले सहावे विजेतेपद मिळविले. एकाच वर्षातील या दोन विजयांनंतर न्यूझीलंडला यांपैकी कोणताही मान पुन्हा मिळालेला नाही. मॉगर यांच्या यशाला प्रशिक्षणाच्या संघटित व्यवस्थेची जोड नव्हती. दूर अंतरावरून स्वखर्चाने इंग्लंडमध्ये येऊन स्थिरावण्याची जिद्द हाच या परंपरेचा आधार होता. ब्रिटनमधील खेळाची आर्थिक बाजू दुबळी होत गेली, तसतसा तो आधारही क्षीण झाला. २०१२ ते २०१४ या काळात ऑकलंड येथे जागतिक मालिकेतील सामने झाले, परंतु तेथे उतरलेले बहुतेक आघाडीचे स्वार परदेशी होते.

डेन्मार्क : न्यूझीलंडला जे साधले नाही, ते डेन्मार्कने साधले. १९७१ मध्ये यतबॉर्य (गोथेनबर्ग) येथे विजयी झालेले ओले ओल्सेन हे डेन्मार्कचे पहिले जगज्जेते होत. न्यूकॅसल संघात ते मॉगर यांचे सहकारी होते. पुढे १९७५ व १९७८ मध्येही त्यांनी अजिंक्यपद मिळविले. त्यांचे याहून टिकाऊ कार्य म्हणजे १९७५ मध्ये व्होयेन्स येथे उभारलेला धावमार्ग. त्यामुळे इंग्लंडला न जाता जागतिक दर्जाच्या शर्यती पाहण्याची व पुढे त्यांत उतरण्याची सोय डॅनिश मुलांना झाली. याच्या जोडीला लहान मुलांसाठी ५० व त्यानंतर ८० घ. सेंमी. क्षमतेच्या गाड्यांचे स्वतंत्र वर्ग डेन्मार्कमध्ये पद्धतशीरपणे चालविले गेले. इतर देशांतील मुलगा पंधरा–सोळाव्या वर्षी एकदम ५०० घ. सेंमी.च्या गाडीवर बसे. डॅनिश मुलाला तोवर शर्यतीचा काही वर्षांचा अनुभव मिळालेला असे.

याचे फळ १९८० नंतरच्या दशकात दिसले. १९८४ ते १९८९ या सलग सहा वर्षांत जागतिक वैयक्तिक अजिंक्यपद डेन्मार्ककडेच राहिले. त्यांपैकी तीन एरिक गुंडरसन यांनी (१९८४, १९८५, १९८८) व तीन हान्स नील्सेन यांनी (१९८६, १९८७, १९८९) मिळविली. सांघिक चषकही १९८३ पासून १९८८ पर्यंत सलग सहा वेळा डेन्मार्कनेच जिंकला. १९८८ मध्ये व्होयेन्स येथील अंतिम स्पर्धेत गुंडरसन, नील्सेन व यान ओ. पेडरसन असे पहिले तिन्ही क्रमांक यजमानांचे होते. सु. ५१ लाख वस्तीच्या देशाची ही कामगिरी खेळाच्या इतिहासात अपवादात्मक म्हटली पाहिजे.

तथापि मोजक्या स्वारांवर उभ्या असलेल्या संघाला एखादा अपघातही किती महागात पडतो, हे लगेचच प्रत्ययास आले. सप्टेंबर १९८९ मध्ये ब्रॅडफर्ड येथे सांघिक अंतिम सामन्याच्या पहिल्याच शर्यतीत गुंडरसन गंभीर जखमी झाले व त्यांची कारकीर्द संपली. तो चषक इंग्लंडकडे गेला. १९९१ चे जगज्जेते यान ओ. पेडरसन यांनाही १९९२ मधील दुखापतीमुळे निवृत्त व्हावे लागले. एरवी अशा आघातांनंतर लहान देशाची परंपरा खंडित होते. डेन्मार्कची मंदावली, पण तुटली नाही. नील्सेन यांनी १९९५ मध्ये चौथे, तर निकी पेडरसन यांनी २००३, २००७ व २००८ मध्ये तीन विजेतेपदे मिळविली. २००६, २००८, २०१२ व २०१४ मध्ये सांघिक विश्वचषकही डेन्मार्कने जिंकला. मुलांच्या वर्गांची व्यवस्था टिकून राहिली, हेच याचे कारण दिसते.

स्पर्धेच्या रचनेचा परिणाम : १९९४ पर्यंत जगज्जेता एका अंतिम स्पर्धेत ठरत असे (१९८७ ची अंतिम स्पर्धा मात्र दोन दिवस चालली). सोळा स्वार, वीस शर्यती आणि प्रत्येकास पाच संधी, अशी तिची सर्वसाधारण रचना होती. विभागवार पात्रता फेऱ्यांमुळे निरनिराळ्या देशांच्या स्वारांना तेथवर पोचता येई आणि एका संध्याकाळच्या उत्तम कामगिरीवर इतिहास घडू शके. १९६६ मध्ये नॉर्वेचे स्व्हेर्रे हार्फेल्ट दुसरे आले. १९७३ मध्ये खोझुफ येथे पोलंडच्या येझी श्चाकेल यांनी बरोबरी झाल्यानंतरच्या निर्णायक शर्यतीत मॉगर यांना हरविले. त्या शर्यतीत मॉगर पडले होते. १९८३ मध्ये नॉर्डेन येथे पश्चिम जर्मनीचे एगॉन म्यूलर विजयी झाले. या पद्धतीत दैवाचा भाग अधिक होता, अशी टीका होत असे व ती रास्तही होती.

१९९५ पासून वर्षभर निरनिराळ्या देशांत होणाऱ्या ‘ग्रां प्री’ सामन्यांच्या एकूण गुणांवर विजेता ठरू लागला. यामुळे निर्णय अधिक न्याय्य झाला. परंतु अनेक गाड्या, यंत्रज्ञ व प्रवास यांचा खर्च सतत पेलू शकणारा स्वारच टिकू लागला. आधीच्या पद्धतीत नऊ देशांना जगज्जेते मिळाले होते. १९९५ ते २०२५ या काळात ही संख्या सातच राहिली आणि तीत रशिया हा एकच देश नवा होता.

यंत्रे पुरविणारे देश : चेकोस्लोव्हाकिया व इटली यांचे उदाहरण काहीसे विपरीत आहे. दिवीशोव्ह येथील एसो कारखान्याच्या (१९६४ पासून यावा या नावाने) गाड्यांनी १९६० नंतरच्या दशकात जुन्या ब्रिटिश एंजिनांना हटविले, तर १९८० नंतर इटलीतील जी. एम. एंजिनांचा प्रसार झाला. पार्दुबित्से येथील ‘सुवर्ण शिरस्त्राण’ ही १९२९ पासूनची शर्यतही या क्षेत्रात विख्यात आहे. असे असूनही या दोन्ही देशांना वैयक्तिक विश्वविजेता लाभला नाही. उत्तम यंत्र निर्यात करता येते. त्यावर बसणारा स्वार मात्र साखळी सामन्यांतूनच तयार होतो.

१९८९ नंतरचा काळ : पूर्व यूरोपातील राजकीय बदलांनंतर व्यावसायिक खेळाचे केंद्र ब्रिटनकडून पोलंडकडे सरकले. पोलंडची साखळी स्पर्धा १९४८ पासूनची असली, तरी परदेशी स्वारांना मोठे मानधन देण्याची ऐपत तिला या काळात आली. नव्याने स्वतंत्र झालेल्या शेजारी देशांना याचा लाभ झाला. स्लोव्हेनियातील मातेय झागर यांनी अनेक वर्षे ग्रां प्री मालिकेत भाग घेतला व क्रश्को येथे सामनेही झाले. स्लोव्हाकियाच्या झार्नोव्हित्सा गावचे मार्टिन व्हाट्सुलिक यांनी २०१२ मध्ये पोलंडमधील गोझुफ येथे आपल्या पहिल्याच ग्रां प्री सामन्यात विजय मिळविला आणि २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत तिसरे स्थान पटकाविले. लाटव्हियातील दाउगाव्हपिल्स शहराचा संघ थेट पोलंडच्या साखळीतच खेळू लागला. २०१५ मध्ये त्याने दुसऱ्या श्रेणीत पहिला क्रमांक मिळविला. परंतु परकीय संघ असल्यामुळे सर्वोच्च श्रेणीचे दार त्याला बंद राहिले. लाटव्हियाचे आंद्झेय्स लेबेदेव्स हे २०१७ मध्ये यूरोपीय विजेते झाले.

या आश्रयाची दुसरी बाजूही आहे. पोलंडमध्ये स्थायिक झालेला स्वार तेथील नागरिकत्व स्वीकारून तिकडूनच खेळू लागतो. नॉर्वेचे रून होल्टा २००७ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या पोलंडच्या संघात होते. लहान देशाला वीसएक वर्षांत एखादाच असा स्वार मिळतो. तो गेल्यावर संघच उरत नाही.

सांघिक स्पर्धेत चार-पाच तुल्यबळ स्वार लागत असल्याने त्यातही अशा देशांची कुचंबणा होते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ स्पर्धेत दोन स्वार व एक एकवीस वर्षांखालील राखीव स्वार, अशी रचना करण्यात आली. तिचा सर्वाधिक फायदा रशियाला झाला. आर्तेम लागुता व एमिल सायफुत्दिनोव्ह या दोन समर्थ स्वारांच्या बळावर त्याने २०१८, २०१९ व २०२० अशी पहिली तिन्ही विजेतेपदे मिळविली. २०२१ मध्ये लागुता हे रशियाचे पहिले वैयक्तिक जगज्जेते झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने रशियन स्वारांना बंदी केली, त्यामुळे लागुता यांना आपले पद राखण्यासाठी उतरता आले नाही. ते पद पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिक यांनी मिळविले. २०२५ मध्ये सहावे विजेतेपद जिंकून झ्मार्झलिक यांनी न्यूझीलंडचे मॉगर व स्वीडनचे टोनी रिकार्डसन यांच्या विक्रमाशी बरोबरी केली.