जुन्या तसबिरींची डागडुजी आणि ‘गिंप’

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं ओटीवर किंवा माजघराच्या भिंतीवर एखादी तरी जुनी तसबीर असेलच. मागें रंगविलेला पडदा, मधोमध खुर्च्यांवर वडील मंडळी, पायांशीं मांडी घालून बसविलेलीं मुलें, आणि मागच्या रांगेंत अंगभर पदर घेतलेल्या स्त्रिया. ज्या कांचेवर मूळ प्रतिमा उमटली होती ती फोटोग्राफराच्या दुकानाबरोबरच केव्हां तरी नाहींशी झालेली असते. कागदावरची प्रत काय ती एक उरते, आणि तीहि दरसाल थोडी थोडी पुसत चाललेली असते.

गोंदिया जिल्ह्यांत तर हें पुसणें विशेषच वेगानें होतें. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पण मुलूख तोच, तळ्यांचा आणि भाताचा. पावसाळ्यांत भिंतींना ओल चढते, फोटोवरचा जिलेटिनचा पातळ लेप फुगून तसबिरीच्या कांचेला चिकटतो, आणि मागच्या पुठ्ठ्यांत वाळवी शिरते. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळांत नोकरी-वकिलीच्या निमित्तानें येथें येऊन स्थायिक झालेल्या कित्येक कुटुंबांचें मूळ गांव सुटलें, वाड्याच्या वांटण्या झाल्या, आणि पूर्वजांची खूण म्हणून राहिला तो असा एखादा फोटो. पूर्वीं अशा फोटोंवर बारीक कुंचला आणि पेन्सिल घेऊन हात फिरविणारे कारागीर असत. आतां तें काम संगणकावर होतें, आणि तें ज्याच्या योगें घरच्या घरीं, एक पैसाहि खर्च न करतां करतां येईल अशा ‘गिंप’ नांवाच्या साधनाची ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गिंपचा जन्म १९९५ सालचा. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कले येथें, शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनीं तें लिहावयास घेतलें व पुढच्याच वर्षीं लोकांपुढें ठेविलें. पडद्यावरील बटणें व खिडक्या काढण्यासाठीं त्या वेळीं जी सामग्री मिळत असे ती विकत घ्यावी लागे; म्हणून त्यांनीं स्वतःचीच नवी सामग्री रचली. तिला जीटीके असें नांव पडलें, आणि पुढें लिनक्स संगणकांवरील ‘ग्नोम’ ही संबंध कार्यव्यवस्था तिच्यावर उभी राहिली. गाडी करावयास बसावें आणि ओघानें रस्ताच बांधून व्हावा, असा हा प्रकार झाला! लिनक्सचें चिन्ह म्हणून जो लठ्ठ पेंग्विन प्रसिद्ध आहे तो लॅरी एविंग यांनीं १९९६ सालीं गिंपमध्येंच काढला. गिंपचें स्वतःचें चिन्ह मात्र तोंडांत कुंचला धरलेला, कोल्ह्यासारखा दिसणारा एक मिस्किल प्राणी आहे. घरांतील मुलांस तो फार आवडतो.

येथें फुकट आणि मुक्त यांतला भेद सांगणें अवश्य आहे. फुकट वस्तु देणाऱ्याच्या मर्जीवर असते. आज दिली, उद्यां काढून घेतली. गिंप मुक्त आहे, म्हणजे तें कोणीहि वापरावें, उघडून आंतली रचना पहावी, तींत फेरफार करावे आणि शेजाऱ्यास द्यावें. गोंदियाकडील वाचकांस हें समजणें कठीण जाऊं नये. नवेगांवबांधचें विस्तीर्ण तळें अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधलें असें सांगतात. बांधणारा एक, पण त्या पाण्यावर शेतें पिकविणारे अगणित, आणि पाळ फुटली तर धांवून जाणारेहि तेच. गिंपला एकच अट लागू आहे: ज्यानें त्यांत सुधारणा करून तें इतरांस दिलें, त्यानें त्या सुधारणेची रचनाहि खुली ठेविली पाहिजे. आपण काढलेल्या पाटावर कुलूप घालतां येत नाहीं.

याच धंद्यांतील सर्वांत नांवाजलेलें साधन म्हणजे फोटोशॉप. त्याची योग्यता आम्हांस मान्यच आहे. परंतु २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या केवळ भाड्यानें मिळूं लागल्या. भाडें थांबलें कीं साधन थांबतें. छापखानेवाल्यास तें परवडतें. पण वर्षांतून चार दिवस, दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटींत, घरचे फोटो काढून बसणाऱ्या गृहस्थानें बारा महिन्यांचें भाडें कां भरावें?

गिंपच्या रचनेंत एक मोठी खुबी आहे. मूळ यंत्र आटोपशीर ठेवून बाकीचीं कामें बाहेरून जोडलेल्या लहान यंत्रांकडे सोंपविलीं आहेत. या जोडयंत्रांस ‘प्लग-इन’ म्हणतात. गिंपला जीं जीं कामें येतात त्यांची एक आंतली सूचि असते; जोडयंत्र त्या सूचींतून हवें तें काम मागून घेतें आणि आपलेंहि काम तींत नोंदवितें, म्हणजे दुसऱ्यांस तें उपयोगीं पडतें. शिवाय प्रत्येक जोडयंत्र वेगळें चालत असल्यामुळें एखादें मध्येंच बंद पडलें तरी मूळ यंत्र सहसा त्याच्याबरोबर कोसळत नाहीं. ‘रिसिंथेसायझर’ नांवाचें असेंच एक प्रसिद्ध जोडयंत्र फाटलेल्या जागेच्या भोंवतालचा पोत पाहून तसाच पोत त्या जागेंत विणतें. पडद्याची किंवा सतरंजीची फाटलेली कड त्यानें बरी भरून निघते. ज्यांस थोडें गणिती वळण आहे अशा मुलामुलींस स्कीम किंवा पायथन या भाषांत चार ओळी लिहून, ट्रंकेंतील दोनशें फोटो एकाच आज्ञेनें सारख्या मापाचे करतां येतील. कॉलेजांत जाणाऱ्या मुलांनीं सुटींत करण्याजोगा याहून उपयुक्त उद्योग आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

आतां ज्यावर सारी मदार आहे त्या ‘थरां’विषयीं. राजा रविवर्म्यांचीं छापील देवचित्रें ज्यांच्या देवघरांत आहेत त्यांनीं हें ध्यानांत आणावें कीं, तीं चित्रें एका शिळेवरून छापलेलीं नाहींत. १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या व पुढें मळवलीस नेलेल्या त्या छापखान्यांत प्रत्येक रंगाची शिळा वेगळी असे, आणि एकावर एक ठसे बरोबर बसले म्हणजे लक्ष्मी किंवा सरस्वती पूर्ण होई. गिंपमधील थर तसेच पारदर्शक, एकावर एक ठेविलेले. खालीं मूळ फोटो जसाच्या तसा. त्यावर दुसऱ्या थरांत डागांची दुरुस्ती. त्याहून वर तिसऱ्यांत उजेड-सांवलीची दुरुस्ती. वरचा थर मिटविला कीं खालचें सत्य पुन्हां दिसूं लागतें. २०२५ च्या मार्च महिन्यांत निघालेल्या तिसऱ्या आवृत्तींत तर परिणाम देणारीं गाळणेंहि अशींच वेगळीं ठेवतां येतात व मागाहून बदलतां येतात.

प्रत्यक्ष काम असें करावें. तसबीर चौकटींतून काढतांना कागद कांचेला चिकटला असेल तर ओढूं नये. तसाच कांचेसह टिपून घ्यावा. सुटा निघाला तर स्कॅनरवर इंचास ६०० ठिपके या प्रमाणांत घ्यावा, आणि यंत्रांत सोय असेल तर सोळा बिटांचा घ्यावा. आठ बिटांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा मावतात, सोळांत ६५,५३६. फिकट झालेल्या फोटोंतील छटा मधल्या अरुंद पट्ट्यांतच कोंडलेल्या असतात. त्या ताणून पसरावयाच्या तर मुळांत पुष्कळ असाव्या लागतात, नाहीं तर गालांवर पायऱ्या पायऱ्या उठतात. हें ताणण्याचें काम ‘लेव्हल्स’ या पेटींत होतें. तेथें छटांचा एक डोंगर दिसतो. त्याच्या दोन्ही पायथ्यांशीं दोन खुंट्या सरकविल्या कीं विटलेला चेहरा जणूं धुक्यांतून पुढें येतो. डागांसाठीं दोन हत्यारें आहेत. ‘क्लोन’ हें एका जागेचा तुकडा उचलून दुसरीकडे जसाच्या तसा ठेवतें. ‘हील’ हें तुकडा ठेवून तेथल्या उजेडाशीं तो मिळवूनहि घेतें. कापडावर पहिलें चालतें, कातडीवर दुसरें.

पण हात कोठें थांबवावा, हें कोणतेंहि यंत्र सांगत नाहीं. गोंदियांतील आमच्या एका आप्तांच्या घरीं असा प्रसंग आला. फोटोच्या डाव्या कडेला घरच्या आत्याबाई बसलेल्या. बालविधवा, वपन केलेल्या, डोईवरून आलवणाचा पदर ओढलेला. एका होतकरू पुतण्यानें मोठ्या प्रेमानें त्यांस केस दिले, कपाळीं कुंकू लाविलें, आणि “आतां आत्याबाई शोभतात कीं नाहीं, आजी?” असें विचारलें. आजींनीं चष्मा पुसून बराच वेळ पाहिलें. मग म्हणाल्या, “ही कोण बाई आहे रे? आमच्या आत्याबाईंनीं त्याच डोईनें तीस वर्षें या घराच्या कोठीच्या किल्ल्या सांभाळल्या. तूं त्यांना घरांतून काढलेंस कीं!” पुतण्यानें तो थर मिटविला; आत्याबाई खालीं होत्या तशाच होत्या. आमचें मत आजींच्या बाजूचें आहे. वाळवीनें खाल्लेलें भरून काढावें. काळानें आणि रूढीनें जें केलें तें झांकूं नये. हल्लीं कृत्रिम बुद्धीचीं साधनें पुसलेला चेहरा क्षणांत पुरा करून देतात, पण तो चेहरा हजारों परक्या चेहऱ्यांवरून बांधलेला अंदाज असतो. नातवंडें त्यालाच पणजोबा म्हणूं लागलीं तर त्यांस खरें कोण सांगणार?

गिंपमध्यें उणिवा नाहींत असें नाहीं. छापखान्यास लागणारी चार शायांची विभागणी त्यांत अजून पुरतेपणीं होत नाहीं. लग्नपत्रिकेचें काम करणाऱ्यास ही अडचण जाणवेल. नवख्यास आणखी एक गोष्ट चकविते: ‘सेव्ह’ म्हटलें कीं चित्र गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ या प्रकारांत, सर्व थरांसह, ठेविलें जातें, इतरांस पाठविण्याजोगी प्रत ‘एक्स्पोर्ट’नें निराळी काढावी लागते. ही कटकट वाटते, पण आम्हांस ती हिताचीच दिसते. एक्ससीएफ ही मूळ वही, बाकीच्या नकला. ती वही निदान दोन ठिकाणीं, आणि एक तरी दुसऱ्या घरीं ठेवावी.

शेवटीं नांवांसंबंधीं. गिंपमध्यें देवनागरी अक्षरें, जोडाक्षरांसह, नीट उमटतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनीं केलेला ‘मुक्त’ हा टाइप त्यासाठीं चांगला आहे व तोहि विनामूल्य मिळतो. अक्षरांचा थर सर्वांत वर घेऊन प्रत्येकाच्या खालीं नांव लिहावें. सुनांचीं दोन्ही नांवें लिहावीं, माहेरचें आणि सासरचें. नाहीं तर माहेरच्या मंडळींस आपली मुलगी या फोटोंत सांपडावयाची नाहीं. हें काम संगणकापाशीं एकट्यानें बसून होण्यासारखें नाहीं. फोटोची मोठी प्रत काढून ती घरांतील सर्वांत वृद्ध माणसापुढें ठेवावी आणि बोट ठेवून विचारीत जावें. कित्येक घरांत पुढच्या रांगेंतील मुलें ओळखणारें असें माणूस आतां एकच उरलेलें आहे.